मराठीत सांग, मग ऐकते

माझ्या नाकावर राग असतो, हे मला ओळखणारं कोणीही सांगेल. लहानपणी पाटीवरचं अक्षर वाकडं आलं तर मी पाटीच आपटायची. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत शेजारपाजारचे मला ‘तीखी’ म्हणत आणि मराठवाड्यातले नातेवाईक ‘खमकी’. हा दुसरा शब्द मला फार आवडायचा. पंधराव्या वर्षी तो माझ्या पदरात पडला आणि पुढे कितीतरी वर्षं मी तो मिरवला. तो कसा पडला आणि त्याची झळ कोणाला लागली, ते सांगायला बसले आहे. यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचे आजोबा नांदेडकडची शेती भावाच्या हवाली करून निजामाच्या चाकरीसाठी हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. बाबाही सरकारी कचेरीत. दिवसभर उर्दू, तेलुगू आणि इंग्रजीत घासून आलेला त्यांचा जीव संध्याकाळी मराठीसाठी आसुसलेला असायचा. आपली मुलं हळूहळू मराठी विसरणार, या भीतीने ते कायम धास्तावलेले असत. तसं झालेली घरं आमच्या ओळखीत होती. तिथली मुलं आजीशीसुद्धा ‘हौ’ आणि ‘नक्को’ करत बोलायची आणि बाबा घरी आल्यावर त्यांची नक्कल करून दाखवायचे. म्हणून आमच्या घरात एक नियम होता. ‘चपला आणि हिंदी दाराबाहेर काढून यायचं,’ बाबा म्हणायचे. पाहुण्यांना हे ऐकून फार गंमत वाटायची.

नियम बाबांचा, पण घरातली मराठी खरी होती आईची. ती सतत बोलायची. कांदा चिरताना कांद्याशी, दूध उतू गेलं की दुधाशी, आणि उरलेला सगळा वेळ माझ्या धाकट्या भावाशी. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शाळेतून आला की दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात, ओट्याखाली मांडी घालून. आई काम करता करता काय काय सांगत राहायची आणि तो तोंड उघडं ठेवून ऐकायचा. मला त्या दोघांचा राग यायचा. अभ्यास करायला घरात शांतता मिळत नाही, अशी माझी तक्रार असे. खरी तक्रार अशी होती की मला ओट्याखाली कोणी बोलावत नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

गच्च्यांवर डिश अँटेना दिसायला लागले होते ते दिवस. आमच्या गल्लीत केबलची काळी वायर या खांबावरून त्या खांबावर गेली होती आणि बाबा जोडणी घ्यायची की नाही याचा महिनाभर विचार करत होते. दिवाळीला चार दिवस होते. सिलिंडर संपलेलं, नंबर लावून दोन आठवडे झालेले, आणि चकल्या तर करायच्याच होत्या. आईने माळ्यावरचा पंपाचा स्टो काढून घेतला. मी नारायणगुड्याला ट्यूशनला गेले होते. बाबा कचेरीत होते. घरात ती आणि तो, दोघंच.

मी परत आले तेव्हा आमच्या फाटकाशी गर्दी होती. आईला दवाखान्यात नेलं होतं. स्टो फुटला होता. शेजारच्या पोर्शनमध्ये, म्हणजे त्याच घराच्या दुसऱ्या भाड्याच्या भागात, एक मध्यमवयीन विधवा बाई राहायच्या, एका मुलींच्या शाळेत उर्दू शिकवायच्या. त्यांना आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणत असू. खाला पायरीवर बसल्या होत्या आणि माझा भाऊ त्यांच्या कुशीत होता. त्याला कुठे भाजलं नव्हतं. लोक सांगत होते की पोरगा स्वयंपाकघराबाहेर उभा होता, दोन्ही हातांनी दार ओढून धरून, आणि त्याची बोटं कडीवरून सोडवायला दोन माणसं लागली. ‘घाबरून गोठलं बिचारं,’ असं सगळ्यांचं मत पडलं. आई तीन दिवसांनी गेली. दिवाळीच्या दिवशी गल्लीत फटाके वाजत होते आणि आमच्याकडे गावाहून आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती.

आत्या त्यांच्यात सगळ्यात वडील. तेराव्यापर्यंत ती राहिली आणि तेवढ्या दिवसांत तिने आम्हा दोघांना चांगलं पारखून घेतलं. मी एकदाही मोठ्याने रडले नव्हते. आलेल्यांचा चहा बघत होते, ब्राह्मणाच्या यादीवरून सामान आणत होते, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत होते. भाऊ कोपऱ्यात अंगठा चोखत होता, नऊ वर्षांचा घोडा. जायच्या दिवशी आत्या बाबांना म्हणाली, “पोरीची काळजी करू नगं. पोरगी खमकी हाय, तिचं काय बी व्हणार न्हाई. लेकरू मातुर लई हळवं हाय. त्याला जरा कडक ऱ्हावा, न्हाईतर हातचं जाईल.” मी आत चहाचे कप विसळत होते. मला ऐकू यावं अशाच बेताने ती बोलली असावी. मी त्या दिवसापासून कंबर कसली ती कसलीच.

सकाळी पाचला उठून दोन डबे, मग कॉलेज, मग धुणं, मग अभ्यास. बारावीला नंबर आला. बाबांचे कचेरीतले लोक घरी येऊन माझं तोंड भरून कौतुक करून गेले. ‘एवढ्या लहान वयात एवढं झेललं, आणि बघा कशी उभी राहिली.’ आईची आठवण यायची नाही असं नाही. ती आली की मी फरशी पुसायला घ्यायची. आमच्या घरची फरशी त्या काळात फार स्वच्छ असायची.

आणि भाऊ मराठी बोलेनासा झाला.

प्रथम आमच्या लक्षात आलं नाही. जेवायला ये म्हटलं तर तो म्हणायचा, “मेरेकू भूक नै.” शाळेत जा म्हटलं तर, “आज नक्को.” गल्लीतल्या पोरांत खेळून जीभ वळली असेल, दुःखात लेकराला काय बोलायचं, म्हणून बाबा आठवडाभर गप्प बसले. पण महिना झाला, दोन झाले, तरी त्याच्या तोंडून घरात मराठीचा एक शब्द निघेना. समजायचं सगळं. सांगितलेलं काम करायचा. उत्तर मात्र दखनीत, त्या हैदराबादी हिंदीत. ज्या पोराला आईने रोज चार तास मराठीत न्हाऊ घातलं, तो तिच्यामागे दोन महिन्यांत तिची भाषा टाकून देतो, हे बाबांच्या फार जिव्हारी लागलं. मला तर तो तिचा अपमान वाटला. मी त्याला तसं सांगितलंही. “आई असती तर तिला काय वाटलं असतं?” असं मी त्याला विचारलं. तो उठून गेला.

जायचा कुठे, तर खालांकडे. आमच्या दोन पोर्शनांच्या मागे एकच अंगण होतं, मध्ये लाकडी फाटक. शाळेतून आला की तो फाटक ढकलून पलीकडे जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. एकदा मी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले, तर पलीकडून त्याचं बोलणं ऐकू आलं. सलग, न थांबता, एखादी लांबलचक गोष्ट सांगावी तसं. खाला मध्ये ‘हौ बेटा’ म्हणत होत्या. मग तो हसला. आई गेल्यापासून मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. मी हातात वाळलेले कपडे घेऊन उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पहाटे उठून याचे डबे करते, याची चड्डी-बनियन धुते, आणि हा हसायला दुसऱ्याच्या घरी जातो! आनंद व्हायला हवा होता, एवढं आता कळतं. तेव्हा मला फक्त राग आला.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की तो खालांकडे बसून बिघडतो आहे, त्याची मराठी तिथेच जाते आहे. आणखी एक गोष्ट मी बोलले नाही, पण बाबांना ती माझ्या आवाजात ऐकू आली असणार. त्या वर्षांत शहरात कर्फ्यू लागायचे, आणि वर्षानुवर्षं एकमेकींकडे वाटी घेऊन जाणाऱ्या घरांतही आतून काहीतरी आखडलं होतं. खाला मुसलमान होत्या, एवढं म्हणायची गरजच पडली नाही. बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी चौकातून कुलूप आणलं आणि फाटकाला लावलं. कुलूप लावायची कल्पना माझी. किल्ली माझ्याकडे.

भावाने आरडाओरडा केला नाही. आठवडाभर शाळेतून येऊन फाटकापाशी बसायचा, मग तेही सोडलं. आम्हाला वाटलं, वळणावर येतोय. मीही नवा नियम केला: माझ्याशी मराठीत बोलला तरच मी उत्तर देईन. पाणी मागायचं तर मराठीत, वही हवी तर मराठीत. तो स्वतः उठून पाणी घ्यायला लागला. वही संपल्याचं शाळेतून पत्र आलं की कळायचं. शाळा मराठीच होती. तोंडी परीक्षेत तो तोंड उघडत नाही, असं बाईंनी दोनदा कळवलं. दुसऱ्या शाळेत घालूया का, असं बाबा एकदा दबक्या आवाजात म्हणाले होते, तर मीच त्यांच्यावर खेकसले. एकदा सैल सोडलं की संपलं, असं माझं म्हणणं. घरात माझा शब्द चालायचा, कारण मी खमकी होते.

आईचं वर्षश्राद्ध आलं. पुन्हा गावाकडची माणसं जमली. गुरुजींनी दर्भ, तीळ, पिंडाचा भात सगळं मांडलं. बाबांबरोबर मुलगाही बसावा असं ठरलं होतं. त्याला धोतर नेसवून पाटाकडे आणत होते तेवढ्यात तो हात सोडवून माझ्याकडे धावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याच दारात. त्याने माझ्या साडीचा पदर मुठीत धरला. त्या दिवशी मी पहिल्यांदाच साडी नेसले होते, आईची. तो म्हणाला, “ताई, मेरेकू डर लगरा. मेरेकू यहाँ से लेको जा.”

सगळे बघत होते. आत्या बघत होती. एका वर्षात मुलाची काय अवस्था झाली, हे नजरेनजरेत चाललेलं मला दिसत होतं, आणि माझ्या सांभाळण्याची सगळ्यांसमोर शोभा झाली असं मला वाटलं. मी त्याच्या मुठीतून पदर सोडवला. म्हणाले, “मराठीत सांग, मग ऐकते.”

त्याचे ओठ हलले. तो प्रयत्न करत होता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. चेहरा आवळला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज काही फुटला नाही. मग तो वळला, गुपचूप पाटावर जाऊन बसला आणि गुरुजी सांगतील तसं पाणी सोडत राहिला. “बघा, ऐकलं की नाही!” आत्या म्हणाली. मला आतून बरं वाटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, कुठल्याच भाषेत नाही.

एका घरात राहून माणूस आठ वर्षं न बोलता राहू शकतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. राहू शकतो. फार कठीणही नसतं. मी ताट वाढायची, तो जेवायचा. मी सामानाची यादी ठेवायची, तो आणून द्यायचा. बाबांशी तो ‘हौ’, ‘नै’ एवढं बोलायचा आणि बाबांनी त्याबाबतीत हात टेकले होते. घरात केबल आलं, मग फोन आला, मग फ्रिज. शहर बदलत चाललं होतं, ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका आणि संगणक होता. मी अमीरपेटेत संगणकाचा कोर्स केला, माधापूरकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या त्यांतल्या एकीत नोकरीला लागले. भाऊ इंटरला, म्हणजे बारावीला, दोनदा नापास झाला आणि सुलतान बाजारात एका साड्यांच्या दुकानात लागला. अठरा पूर्ण झाल्यावर दुकानातल्या दोघांबरोबर खोली घेऊन राहायला गेला. एक पत्र्याची पेटी, एक गादी. बाबा रिक्षापर्यंत गेले. मी खिडकीतून बघितलं आणि मनात म्हटलं, आत्या बरोबर सांगत होती, हळवंच होतं ते, हातचं गेलं.

आता आमच्या कंपनीतली गोष्ट. तिथे दर वर्षी दोन दिवस प्रशिक्षण असायचं. भाऊ घर सोडून गेल्याच्या तिसऱ्या वर्षी बंगळूरहून एक टायवाले गृहस्थ आले. त्यांनी आधी एक छापील फॉर्म भरून घेतला. संकटात तुम्ही शांत राहता का, हाती घेतलेलं पूर्ण करता का, लोक तुमच्यावर अवलंबून असतात का. नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मी सगळीकडे ‘नेहमी’वर खूण केली, खोटं नव्हतंच ते. दुपारी निकाल आला. घाव बसला तरी त्यातून वाढणारं व्यक्तिमत्त्व, असं माझ्या कागदावर लिहिलं होतं. काही माणसं आघाताने मोडतात आणि काही फुलतात, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग त्यांनी मला पुढे बोलावून आयुष्यातला अवघड प्रसंग सांगायला लावला. मी सांगितला. आई, स्टो, पहाटे उठून केलेले डबे, बारावीचा नंबर. मी चांगली बोलते. संपल्यावर टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या टेबलवरची मुलगी रुमालाने डोळे टिपत होती. जागेवर येऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सांगितलेल्या गोष्टीत भाऊ नव्हताच. मी त्याला गाळला असंही नाही. तो आठवलाच नाही.

त्याच आठवड्यात खाला घर सोडून जाणार असल्याचं बाबांनी सांगितलं. मालकाने दोन्ही पोर्शन बिल्डरला दिले होते. आम्हालाही चार महिन्यांत निघायचं होतं. खालांचा मुलगा दुबईहून त्यांना न्यायला आला होता. मी निरोपाला गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात मी पाऊल ठेवलं नव्हतं. सामान बांधून झालं होतं. त्यांनी मला एका पेटीवर बसवलं, चहा दिला, आणि माझ्या नोकरीबद्दल विचारलं. मी फॉर्मचं आणि टाळ्यांचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. मिरवायची सवय, दुसरं काय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बेटी, एक बात बोलूं, बुरा नक्को मानो. तुम्हारा भाई मेरेकू सब बोला था, वो दिन का. अम्मा उसकू बोली थी, बाहर जा, दरवाजा खींच ले, कुछ भी हुआ तो खोलना नक्को. बच्चा खींच के पकड़ के खड़ा रहा. अंदर से आवाजें आ रे थे, उने छोड़ा नै.”

मी कप खाली ठेवला.

“मैं पूछी, घर में कैकू नै बोलता रे? बोला, मराठी में बोलतूं तो मुँह में आई की आवाज आती, वोइच बात बोलती. इस जबान में नै आती. रोज थोड़ा थोड़ा बोलता था. पहले बहोत रोता था, फिर कम रोने लगा. फिर हँसने भी लगा था. मैं समझी, अब ठीक हो जाता बच्चा.” त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. “फिर फाटक बंद हो गया.”

“तुम्ही आम्हाला सांगितलं का नाहीत?” मी ओरडलेच. मराठीतच ओरडले.

“आयी थी ना मैं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमीच दरवाजे में खड़ी थी. बोली, खाला, हमारे घर का मामला है.”

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण मी तसं म्हणाले असणार यात मला एक क्षणभरही शंका वाटली नाही, कारण ते वाक्य अगदी माझं होतं.

घरी येऊन मी अंथरुणावर पडून राहिले. फरशी पुसायला उठले नाही. माझ्या स्वभावाने मला तारलं, हे खरं आहे. मी दात-ओठ खाऊन जगले, शिकले, पगार आणला. पण तो स्वभाव माझ्यापुरता राहिला नाही, तो घराचा कायदा झाला. आणि ज्याला आम्ही हळवा म्हणालो, त्याने नवव्या वर्षी, कोणाला न विचारता, आपल्यासाठी वाट शोधून काढली होती: ज्या भाषेत तो आवाज येत नाही ती भाषा, आणि ऐकून घेणारं एक माणूस. तो मोडत नव्हता, बरा होत होता. मी ते बघितलं, मला त्याचा राग आला आणि मी कुलूप आणलं. त्या टायवाल्यांच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी दुपारी मी सुलतान बाजारात गेले. दुकान मला ठाऊक होतं, तीन वर्षं मी त्या रस्त्याने जायचं टाळत होते. आत पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या होत्या, चार-पाच जण बसून गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत होते. तो सगळ्यात टोकाला होता. मिशी आली होती. एका कुटुंबाला तो तेलुगूत काहीतरी सांगत होता आणि त्यातल्या म्हातारीला हसवत होता. ती मंडळी उठल्यावर मी त्याच्यापुढे जाऊन बसले. त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, हात मात्र साडीची घडी घालता घालता थांबला.

मी रिक्षात बसून वाक्यं जुळवली होती. आयुष्य या शहरात गेलं, भाजीवाल्याशी आणि ऑटोवाल्याशी ही भाषा मी रोज बोलत होते, पण त्याच्याशी ती बोलताना जीभ जड झाली. “मेरेकू सब मालूम हुआ,” मी म्हणाले. “खाला बोले. मेरी गलती हुई रे. बहोत बड़ी गलती. तू जो जबान में बोलता, मैं सुनतूं. घर कू चल.”

शेजारच्या गादीवरचे दोघे माना वळवून बघायला लागले. त्याने ते पाहिलं. घडी पुरी केली, साडी बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली, तिच्यावरून एकदा तळवा फिरवला. मग माझ्याकडे थोडा वाकला आणि अगदी हळू आवाजात, त्या दोघांना समजू नये म्हणून, मराठीत बोलला.

“ताई, मराठी काय आणि हिंदी काय, तुझा आवाज आता अगदी आईचा झालाय. तू घरात नुसती हाक मारलीस तरी मला दार धरावंसं वाटायचं. म्हणून गेलो मी. इथे येऊ नकोस.”

आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. अकरा वर्षांनी बोलला, पण मराठी किती स्वच्छ राहिली आहे याची, असं आलं. आधी ते, आणि मग तो काय म्हणाला त्याचा अर्थ.

त्याने मान खाली घातली आणि दुसरी साडी उलगडली, पुढचं गिऱ्हाईक आलं होतं. मी पर्स घेऊन उठले. पायरीशी चप्पल घालताना सवयीने ‘येते’ म्हणायला तोंड उघडलं. ते त्याला ऐकू गेलं असतं. मी तोंड मिटलं आणि रस्त्यावर आले.